पाय ठेवला होता

मेकॅनिक पाठीवर सरकत गाडीखालून बाहेर आला, पडल्या पडल्याच त्याने हात फडक्याला पुसले आणि छताकडे बघत म्हणाला,

"ब्रेक ठणठणीत आहे, मास्तर."

गॅरेजचे पत्रे तापायला लागले होते, कोपऱ्यात हवेचा पंप धडधडत होता. मेकॅनिक उठून उभा राहिला. मास्तरांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्या गेली पंचवीस वर्षं तोच सांभाळत होता, त्यामुळे वाईट बातमी साखर पेरून सांगायची त्याला गरज वाटत नसे.

"तेल बरोबर आहे, पॅड चांगले आहेत, नळी कुठे गळत नाही. दोनदा चालवून बघितली. दाबला की जागच्या जागी थांबते."

मास्तरांनी सुनेकडे पाहिलं. मुलाने तर आधीच पाहायला सुरुवात केली होती. ती बंपरजवळ उभी होती. बंपरवर तळहाताएवढा पोचा आला होता, आणि एवढ्याशा पोच्याने एका माणसाचा घोटा दोन ठिकाणी मोडला होता.

"मी ब्रेकवर पाय ठेवला होता," ती म्हणाली.

तीन दिवस ती हेच म्हणत होती. दवाखान्यात म्हणाली, चौकीत म्हणाली, घरी जेवताना कोणी न विचारता म्हणाली. आधी लोकांनी ऐकून घेतलं. आता तिने तोंड उघडलं की समोरचा माणूस चेहरा मिटून घेई.

"ठेवला असतास तर तो माणूस आज दोन पायांवर असता," मुलगा म्हणाला. "गाडी माझी, बायको माझी, आणि लोक मला विचारतात, काय हो, तुमच्या घरात ब्रेक दाबायची पद्धत नाही का?"

"मग सांग त्यांना, नाही म्हणून."

"बघा, अण्णा. बघा कशी बोलते."

मास्तर बघतच होते. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि तो लपवायची कला त्यांना कधी आली नव्हती. गावात गाडी चालवणाऱ्या दर दोन माणसांतला एक त्यांच्या हाताखालून गेलेला. गाडी शिकायला त्यांच्याकडे जायचं म्हणजे रोज सकाळी अर्धा तास अक्कल काढून घ्यायला जायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी लोक जात, कारण तीस वर्षांत त्यांच्या शिकवणीच्या गाडीला साधा ओरखडा उठला नव्हता. आणि आता त्यांच्याच घरातल्या बाईने, परवाना मिळून दहा दिवस होतात न होतात तोच, पहिल्यांदाच एकटीने गाडी काढून, भर सकाळी, औषधांच्या दुकानाच्या वळणावर, बैलगाडीच्या वेगाने जाऊन रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला धडक दिली होती. माणूसही कोण, तर मास्तरांची स्वतःची दाढी करणारा सलूनवाला.

"सूनबाई," मास्तर म्हणाले. रागावले की ते तिला सूनबाई म्हणत, एरवी नुसतं 'तू'. "चूक परवडते. खोटं परवडत नाही. घाबरलीस, पाय ब्रेकवर नेलाच नाही, असं सांग आणि मोकळी हो."

"खोटंच बोलायचं असतं तर ब्रेक लागला नाही म्हटलं असतं. तेवढी अक्कल आहे मला. मी म्हणतेय, पाय ठेवला आणि पेडल खाली गेलं नाही."

मेकॅनिक हसला. "आपोआप कसं जाईल, वहिनी? ते काय पाण्यात बुडतंय?"

"शिकताना जायचं," ती म्हणाली.

मुलगाही हसला. मेकॅनिक मात्र हसता हसता मध्येच थांबला, मास्तरांकडे एकदा बघून घेतलं आणि खाली वाकून पाने गोळा करायला लागला. त्याचे पाने गोळा करून झाले तरी तो वाकलेलाच होता.

मास्तरांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. "सोमवारी तुझी नोकरी सुरू होतेय," ते म्हणाले. "उद्या दहाला तो चौकीत लेखी जबाब देणार आहे. काय निरोप आहे त्याचा, ऐकलास ना?"

निरोप सगळ्यांनी ऐकला होता, कारण सलूनवाल्याचा निरोप म्हणजे दवंडीच. सुनेने घरी यावं, ब्रेक दाबलाच नव्हता आणि तीन दिवस खोटं बोलले असं तोंडाने कबूल करावं. मग तो जबाबात हात आखडता घेईल. नाहीतर परवाना रद्द होईपर्यंत तो गप्प बसणार नव्हता. आणि परवाना गेला की नोकरी गेली. आरोग्य केंद्राला वाड्यावस्त्यांवर स्वतः गाडी चालवत जाऊन म्हातारी माणसं तपासणारी परिचारिका हवी होती. या जागेसाठी तिने चार वर्षं अर्ज केले होते आणि तीन महिने सासऱ्याची बोलणी खाल्ली होती.

"ऐकलाय निरोप," ती म्हणाली. "जाणार नाही मी."

"मग बस घरी," मुलगा म्हणाला.

ती गॅरेजच्या बाहेर निघून गेली. भर उन्हात, छत्री न घेता, रस्त्याच्या अगदी कडेने.

*

अकरा वाजता मास्तरांची शिकवणी होती. शिकणाऱ्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, गावच्या मोठ्या बाई. आयुष्यभर दुसऱ्यांना ओरडल्यावर आता कोणीतरी आपल्याला ओरडतंय याची त्यांना गंमत वाटत असे, आणि मास्तर त्यांना नाराज करत नसत.

"आरसा कशाला दिलाय? भांग पाडायला?"

"बघतेय, मास्तर."

"बघताय तर त्या सायकलवाल्याने काय घोडं मारलंय तुमचं?"

बाई आनंदाने गाडी बाजूला घेत. शिकवणीची गाडी जुनी होती. शेजारच्या सीटपुढे, मास्तरांच्या पायाशी, दुसरा ब्रेक बसवलेला होता. दोन्ही पेडलं एकाच दांड्याला जोडलेली. मास्तरांनी इकडचं दाबलं की शिकणाऱ्याच्या पायाखालचंही त्याच्याबरोबर खाली जाई. शिकवणीच्या सगळ्याच गाड्यांना तो असतो आणि अडीनडीला वापरायचा असतो.

वळण आलं. बाईंनी पाय ब्रेकवर नेला, गाडी हळू झाली, वळली. मास्तरांनी "हं" केलं. त्यांच्याकडून मिळणारी सगळ्यात मोठी शाबासकी ती हीच. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. तिसऱ्या वळणावर, का कोण जाणे, त्यांनी रस्त्यावरची नजर काढून खाली वळवली.

बाईंचा बूट पेडलवर होता. झोपलेल्या मांजरावर हात ठेवावा इतका हलका होता. पेडल खाली चाललं होतं आणि बूट त्याच्याबरोबर खाली चालला होता. आणि इकडे मास्तरांचा स्वतःचा पाय टाचेपासून अंगठ्यापर्यंत ताणून दुसरा ब्रेक दाबत होता. तो कधी तिथे गेला हे मास्तरांना आठवेना. त्यांनी त्याला पाठवलंच नव्हतं.

बंद पडलेल्या बाजाराचं मोकळं पटांगण जवळच होतं. मास्तरांनी गाडी तिकडे घ्यायला लावली. समोर गोदामाची लांब भिंत होती.

"भिंतीकडे चला सरळ. हळू. आणि मी सांगेन तेव्हा थांबवा."

त्यांनी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले. भिंत जवळ यायला लागली. भिंतीवर कोणीतरी चुन्याने आकडे रंगवले होते, ते मोठे होत गेले.

"थांबवा."

बाईंनी पाय ठेवला. गाडी जात राहिली. बाई शांत होत्या, हात स्टिअरिंगवर नीट, मान ताठ, चेहऱ्यावर सगळं व्यवस्थित केल्याचं समाधान. भिंत दोन हातांवर आली तेव्हा मास्तरांचा पाय सीटखालून सुटला आणि दुसऱ्या ब्रेकवर आदळला.

गाडी गचका खाऊन बंद पडली.

"अगं बाई," मोठ्या बाई म्हणाल्या. "आज हिला झालंय तरी काय? एरवी तर नुसता पाय ठेवला की थांबते."

बाईंनी थोडी वाट पाहिली. बोलणी बसली नाहीत तशा त्या घाबरल्या.

"माझं काही चुकलं का, मास्तर?"

"नाही," मास्तर म्हणाले.

बाईंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. या प्रश्नाला मास्तरांनी कधी कोणाला 'नाही' म्हटल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

बाईंना घरी सोडून मास्तर पुन्हा त्याच पटांगणात आले आणि गाडी सावलीला लावून शेजारच्या सीटवर जाऊन बसले. वाकून त्यांनी दुसरा ब्रेक हाताने दाबला. पलीकडचं पेडल मुकाट्याने खाली गेलं. सोडला, वर आलं. असं त्यांनी बऱ्याच वेळा केलं. शिकवणीच्या पहिल्या वर्षी एक विद्यार्थी दुधाच्या गाडीवर जाता जाता वाचला होता, तेव्हापासून त्यांचा पाय तिथे जाऊन बसला असावा. वाचवायला म्हणून गेला आणि परत आलाच नाही. तीस वर्षं लोक, परवान्याच्या परीक्षेतही याच गाडीत, त्यांच्या पायाने थांबत होते आणि आपल्याला थांबता येतं असं समजून घरी जात होते.

त्यांना लाज वाटली. लाजेच्या पाठोपाठ राग आला, आणि तो आधी सुनेवरच आला. गॅरेजमध्ये, त्या मेकॅनिकसमोर, मुलासमोर बोलायची काय गरज होती तिला? मग आठवलं की ती तीन दिवस हेच बोलत होती आणि तिला खोटारडी म्हणायला सगळ्यांत पुढे आपणच होतो.

हे कोणाला कळायचं कारण नव्हतं. मेकॅनिकला कळलं होतं, पण त्याचं पोट मास्तरांच्या गाड्यांवर चालत होतं. तो मूग गिळून बसला असता. सुनेने जाऊन दोन शब्द कबूल केले असते, सलूनवाला निवळला असता, नोकरी टिकली असती. ती घरात खोटारडी ठरली असती एवढंच. तेवढं सुना सोसतात, असं मास्तरांच्या मनात आलं, आणि मनात आलेल्या त्या वाक्याची त्यांना स्वतःलाच किळस आली. त्यांनी गाडीचं दार इतक्या जोरात लावलं की पटांगणातली कबुतरं उडाली.

*

संध्याकाळी पाच वाजता त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन सांगितलं, "चप्पल घाल. त्याच्याकडे जायचंय."

"मी कबूल करणार नाही," सून म्हणाली.

"नको करूस. मी बोलेन तिथे."

"तुम्ही माझ्या वतीने कबूल केलंत तर मी तिथेच सांगेन की अण्णा खोटं बोलतायत."

"सांग."

गाडी गॅरेजमध्ये होती, आणि शिकवणीची गाडी मास्तरांनी काढली नाही. दोघं चालत निघाले. मास्तर पुढे, ती चार पावलं मागे. वाटेत ओळखीची माणसं भेटली, त्यांनी मास्तरांना नमस्कार केला आणि सुनेकडे पाहून घेतलं.

सलूनवाल्याच्या बायकोने दार उघडलं आणि 'या' न म्हणता आत निघून गेली. खोली लहान होती. तिच्या मधोमध तो एका खुर्चीत बसला होता आणि प्लास्टरमधला पाय दुसऱ्या खुर्चीवर उशी घेऊन पसरला होता. गावच्या दाढ्या करणाऱ्या माणसाची स्वतःची दाढी वाढली होती आणि त्यामुळे तो होता त्यापेक्षा म्हातारा दिसत होता. जीभ मात्र धारेवरच होती.

"या. सासरे आले, सूनबाई आल्या. कॅमेरा आणलाय ना? परवा घोटा नीट आला नसेल फोटोत."

सुनेने ओठ आवळले.

"बसा म्हणणार नाही मी. मी बसलोय तेवढं पुरे आहे घराला."

"बरं," मास्तर म्हणाले आणि उभे राहिले.

"एक सांगतो, मास्तर. मी रस्त्यात आडवा पडलो होतो. ही गाडीतून उतरली. आली, नाडी बघितली, पाय हलवू नका म्हणाली, ॲम्ब्युलन्सला फोन केला. सगळं शिस्तीत, नाव ठेवायला जागा नाही. मग मागे जाऊन तो लाल त्रिकोण ठेवला. मग फोटो काढले. मग बघ्यांतल्या दोघांची नावं लिहून घेतली. आणि मी पडल्या पडल्या वाट बघतोय, आता म्हणेल, आता म्हणेल. 'चुकलं माझं.' दोन शब्द. ॲम्ब्युलन्सचं दार लागेपर्यंत वाट बघितली मी."

"ते मी शिकवलंय," मास्तर म्हणाले.

शिकवलं होतंच. अपघातानंतर काय करावं, याचे सात नियम ते प्रत्येकाकडून पाठ करून घेत. थांबा, जखमीकडे पाहा, मदत बोलवा, मागच्या गाड्यांना खूण करा, फोटो घ्या, साक्षीदार लिहून घ्या. आणि सातवा, ज्यावर ते बोट आपटत: चूक कोणाची, हा शब्द रस्त्यावर तोंडातून काढायचा नाही.

"ठाऊक आहे. मलाही शिकवलंत," सलूनवाला म्हणाला. "बारा वर्षांपूर्वी तुमच्याच त्या डबड्यात बसून शिकलोय मी. पण माणसाने माणसासारखं वागू नये, असं काही त्या सातांत नव्हतं."

"मला म्हणायचं होतं," सून एकदम म्हणाली. ती खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच बोलत होती आणि तिच्या आवाजात नरमाई अजिबात नव्हती. "नियम बियम गेले खड्ड्यात. तुमच्या शेजारी बसले तेव्हाच तोंडावर आलं होतं. पण काय चुकलं तेच मला कळत नव्हतं. अजून कळत नाही. न कळता नुसतं म्हणायचं म्हणून म्हणू?"

"काय चुकलं? ब्रेक दाबला नाहीस, हे चुकलं."

"मी पाय ठेवला होता."

"हे वाक्य माझ्यासमोर बोलायचं नाही," सलूनवाला म्हणाला. तो ओरडला नाही. उलट त्याचा आवाज इतका खाली गेला की आतल्या खोलीतली भांड्यांची हालचाल थांबली. "बाकी काय वाट्टेल ते बोल. हे नाही."

मास्तरांनी घसा खाकरला. वर्गात बोलताना ते हात पाठीमागे बांधत, तसे आत्ताही बांधले. मग लक्षात आलं आणि सोडले.

"ती खरं बोलतेय. चूक माझी आहे."

सलूनवाल्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "वा. सुनेला वाचवायला सासरे पुढे. अहो, तुम्ही तर गाडीतही नव्हतात."

"नव्हतो," मास्तर म्हणाले. "तेच तर झालं."

मग त्यांनी सांगितलं. दोन पेडलं, एक दांडा, आपला पाय. मोठ्या बाईंचा बूट, गोदामाची भिंत. सांगताना ते कोणाची अक्कल काढत नव्हते, त्यामुळे त्यांना वाक्यं जुळवायला वेळ लागत होता. "शिकवताना प्रत्येक वेळी मीच दाबत आलो. शिकणाऱ्याला वाटतं, आपण पाय ठेवला की गाडी थांबते. ती तेवढंच शिकली. मी तिला तेवढंच शिकवलं. परवा तिने बरोब्बर तेवढंच केलं."

सून त्यांच्याकडे वळली होती.

"तीन महिने?"

"तीन महिने."

"म्हणजे मी एकदाही..."

"एकदाही नाही."

"आणि आज सकाळी सगळ्यांसमोर मला खोटारडी म्हणालात."

"म्हणालो."

ती आणखी काही बोलेल म्हणून मास्तर थांबले. तिचे डोळे भरले होते, पण ते रागाने भरले होते आणि तिने ते पुसलेही नाहीत. मग तिने सासऱ्याकडे पाठ केली, सलूनवाल्याच्या खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसली, आणि प्लास्टरकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाली,

"चुकलं माझं. दाबायला हवा होता, मी नुसता ठेवला. आता कळलं, म्हणून आता म्हणते."

सलूनवाल्याचं तिच्याकडे लक्ष होतं असं दिसेना. तो शेजारच्या भिंतीकडे बघत होता. भिंतीपलीकडे कोणाचंतरी बिऱ्हाड होतं. बादली सरकवल्याचा आवाज आला, एका बाईने कोणालातरी हाक मारली, नळ सुरू झाला.

"पलीकडे दादा राहतो," तो म्हणाला. "माझा मोठा भाऊ."

मास्तरांना हे माहीत होतं. दोघा भावांचं बोलणं नाही हेही माहीत होतं. गावात सगळ्यांनाच होतं. कारण काय ते कोणी विचारत नसे. भावाभावांत कारणं असतातच.

"परवाना मिळाला तसा आठवड्याभरात मी गाडी घेतली होती, मास्तर. जुनीच, पण माझी. पहिल्यांदा घरी आणली ती दादाला दाखवायला. त्याने तेव्हाच नवं फाटक बसवलं होतं. पोरगी त्याची फाटकाजवळ खेळत होती." त्याने हाताने जमिनीपासून उंची दाखवली. "एवढी. मी गाडी आत घेतली आणि..."

पलीकडचा नळ बंद झाला.

"फाटक सगळं आत वाकलं. पोरगी हातभर लांब होती. हातभरच. दादा धावत आला. मी म्हटलं, दादा, मी ब्रेकवर पाय ठेवला होता. तो म्हणाला, डोळ्यांदेखत खोटं बोलतोस? माझी पोर मारायला निघाला होतास आणि वर खोटं बोलतोस? अख्खी आळी जमली होती. मी तेच म्हणत राहिलो, पाय ठेवला होता, पाय ठेवला होता. मग गाडी विकून टाकली. बारा वर्षं झाली त्याला. त्या पोरीचं लग्न झालं, मला अक्षत आली नाही. परवा पाय मोडला, दवाखान्यातून चौघांनी उचलून आणलं, दादा गॅलरीत उभा होता. आत गेला."

त्याची बायको आतल्या दारात येऊन उभी राहिली होती. पदराचं टोक तिने मुठीत धरलं होतं.

"काही वर्षांनी मलाही वाटायला लागलं," सलूनवाला म्हणाला, "की नसेलच ठेवला. एवढी माणसं म्हणतात, तर नसेलच."

किती जणांनी कुठे कुठे काय काय ठोकलं असेल आणि पहिला आठवडा होता, हात बसला नव्हता, म्हणून स्वतःलाच दोष दिला असेल, याचा हिशोब करायची मास्तरांची छाती झाली नाही. त्यांच्या गाडीला मात्र कधी ओरखडा उठला नव्हता.

"माफ बिफ करणार नाही मी तुम्हाला," सलूनवाला म्हणाला. "दाढीला दुसरीकडे जा. मी उभा राहिलो तरी दुसरीकडेच जा. माझ्या हातात वस्तरा असेल, कोणी सांगावं?"

"जाईन," मास्तर म्हणाले.

"तोंडाने बोललात ते काही कामाचं नाही. लिहून द्या. उद्या चौकीत माझ्या जबाबाबरोबर जोडतो. मग हिचं काय व्हायचं ते होऊ दे, पण खोटारडी म्हणून नको." तो बायकोला म्हणाला, "कागद आण. पेन आण. आणि त्यांना स्टूल दे, उभ्याने लिहिणार आहेत का ते?"

मास्तर स्टुलावर बसले. कागद मांडीवर ठेवून लिहिता येईना, तेव्हा सुनेने कपाटावरची जाड वही काढून त्यांच्या मांडीवर आपटल्यासारखी ठेवली. त्यांनी लिहिलं. अक्षर वळणदार होतं, फळ्यावर लिहून लिहून कमावलेलं. आपण ड्रायव्हिंग स्कूल चालवतो, शिकवताना दुसरा ब्रेक सतत आपणच दाबत आलो, त्यामुळे आपल्याकडे शिकलेल्या माणसाला ब्रेक किती दाबावा लागतो हे कळत नाही, आणि हे आपल्याला आजवर समजलं नाही. एवढंच लिहायला अर्धं पान लागलं. हे पान उद्या चौकीत वाचलं गेलं की परवा स्कूलच्या दाराशी कोणी येणार नव्हतं. खाली सही करताना त्यांचा हात थांबला नाही.

सलूनवाल्याने कागद घेतला, ओठ हलवत वाचला, पुन्हा वरून सुरुवात करून वाचला. मग घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि खिशावर हात ठेवून बसला.

"आणखी एक प्रत लिहा," तो म्हणाला.

"चौकीत एकच लागते," सून म्हणाली.

"हो. चौकीत एकच लागते."

पलीकडे कोणीतरी खोकलं. सुनेने भिंतीकडे पाहिलं, सलूनवाल्याच्या बायकोकडे पाहिलं, आणि वहीतून दुसरा कागद फाडून सासऱ्यासमोर धरला. मास्तरांनी तो वहीवर नीट लावून घेतला.

"वर काय लिहू?"

सलूनवाल्याने वाढलेल्या दाढीवरून हात फिरवला. त्याला ते शब्द लिहायची सवय राहिली नव्हती.

"तीर्थरूप दादास," तो म्हणाला.